आईने सगळे पॉइंट लवकर लवकर दाखवले

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपून शाळा सुरू झाली, की मराठीच्या बाई पहिला निबंध कोणता देतात हे तुम्हाला सांगायला नको. 'मी सुट्टी कशी घालवली!' २०२३ सालची गोष्ट. माझी मोठी तेव्हा सातवीत गेली होती. वहीवर पालकांची सही हवी म्हणून तिने ती ओट्यावर आणून ठेवली आणि मी पोळ्या लाटता लाटता एका डोळ्याने वाचायला लागले.

'चिखलदरा हे विदर्भाचे नंदनवन आहे. तेथे खूप छान छान पॉइंट आहेत. आईने आम्हाला ते सगळे लवकर लवकर दाखवले. भाऊ गाडीत चार वेळा ओकला. आजी गाडीतच बसली होती. घरी आल्यावर आईचे डोके दुखत होते.'

खाली बाईंनी लाल शाईने 'छान' असा शेरा मारला होता. तव्यावरची पोळी करपली, पण मी काही सही लगेच केली नाही. मैत्रिणींनो, खोटं एक अक्षर नव्हतं हो त्यात! तेच तर लागलं.

आम्ही मूर्तिजापूरचे. चिखलदरा म्हणजे आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट. इतकं जवळ म्हणून 'त्यात काय ठरवायचं?' असं आम्हाला वाटलं होतं. मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री ह्यांनी 'उद्या जाऊ' म्हटलं. मी रात्री अकरापर्यंत पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, पहाटे चारला उठून मसालेभात लावला. पाचला निघालो ते रात्री अकराला परत. दिवसभरात सात ठिकाणं पाहिली असं ह्यांचं म्हणणं. मला त्यातली चार आठवतात. भीमकुंडाचा धबधबा म्हणून जिथं मुलांना नेलं, तिथं मे महिन्यात पाण्याचा टिपूस नव्हता. वाघ दाखवायचं आम्ही धाकट्याला कबूल केलं होतं, तर जंगलाच्या गेटवर विचारलं, "बुकिंग आहे का?" बुकिंग करायचं असतं हेच आमच्या गावी नव्हतं. गाड्या भरलेल्या होत्या. चूक सर्वस्वी आमची, पण "तुलाच यायचं होतं ना" आणि "तुम्हीच तर म्हणालात" हे जे काही झालं, ते त्या गेटवर, मुलांसमोर आणि सासूबाईंसमोर झालं.

त्यामुळे २०२४ च्या दिवाळीआधी ह्यांनी पुन्हा चिखलदऱ्याचा विषय काढला, तेव्हा मी म्हटलं, जाऊ. पण या वेळी दोन महिने आधी एक वही घालायची, आणि त्यात सगळ्यांनी लिहायचं.

वहीच्या पहिल्याच पानावर भांडण झालं. प्रश्न होता सासूबाई येणार की नाही. त्यांचं वय अडुसष्ट, गुडघे दुखतात. शेगाव आणि पंढरपूर सोडलं तर 'फिरायला' म्हणून त्या आयुष्यात कुठं गेलेल्या नाहीत. मागच्या खेपेला दिवसभर गाडीत बसून राहिल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "मी कायले येऊ तिथं? माह्ये गुडघे चालत नाही. तुमी पोराईले घेऊन जा, मी घर पाह्यतो." ह्यांनाही ते सोयीचं वाटलं. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं. एक माणूस कमी, एक पथ्यपाणी कमी! पण मोठी म्हणाली, "आजी नाही तर मग आपण सहलीला नाही, आपण नुसतंच बाहेर जातोय." तिचं म्हणणं असं, की आजी चालू शकत नाही तर आजी जिथपर्यंत चालू शकते तिथपर्यंतच जायचं. तेरा वर्षांच्या मुलीचं हे लॉजिक! मी वहीत लिहून ठेवलं आणि मग सगळी सहल त्यावरच बेतली.

आता जरा माहितीचं बोलू, कारण मला मागच्या वेळी ही माहिती कोणी दिली असती तर पुऱ्या तरी वाचल्या असत्या.

मेळघाट म्हणजे सातपुड्यातली गाविलगडची डोंगररांग. घाटांचा मेळ म्हणून मेळघाट. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाले, तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. याच प्रकल्पाच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. चिखलदरा या डोंगरांच्या माथ्यावर, साडेतीन हजार फुटांच्या वर. कॉफीची झाडं आहेत तिथं! आणि जंगलातली मुक्कामाची ठिकाणं म्हणजे सेमाडोह आणि पुढं सिपना नदीच्या वळणावरचं कोलकास. पुष्कळ लोक चिखलदऱ्यालाच मुक्काम करून पहाटे सफारीला जंगलात उतरतात. मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर तसं करू नका. पहाटे साडेचारला झोपेतल्या मुलाला घाटातून खाली नेणं म्हणजे ओकारीला आमंत्रण. सफारीच्या आदल्या रात्री मुक्काम खाली जंगलातच हवा.

दिवस कोणते निवडायचे यावरही घरात दोन पक्ष होते. मे महिन्यात पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यावर येतात, म्हणून वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जास्त. पण खाली जंगलात ऊन मी म्हणतं. पावसाळ्यात डोंगर हिरवागार, धबधबे भरलेले. पण तेव्हा गाभा क्षेत्रातल्या सफारी बंद असतात. दिवाळीनंतर गवत उंच असतं, पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे प्राणी कमी दिसतात, पण हवा सुंदर आणि भीमकुंडाला थोडंफार पाणी. धाकट्याला आम्ही आधीच सांगून टाकलं, "वाघ दिसणार नाही असं धरून चालायचं." मेळघाट डोंगराळ, सागाचं आणि बांबूचं दाट रान. ताडोब्याला गेलेले लोक फोटो दाखवतात तसं इथं वाघ रस्त्यात येऊन बसेलच असं नाही. तो रडला. रडू दिलं. घरी रडलेलं परवडतं, गेटवर रडलेलं परवडत नाही.

मग त्याला वाघाच्या बदल्यात काहीतरी द्यायला हवं होतं. मोठीने ते शोधून काढलं. रानपिंगळा! हे एक छोटं घुबड आहे, साळुंकीपेक्षा थोडं थोराड. १८८४ नंतर ते कोणाला दिसलंच नव्हतं, संपलं असंच धरून चालले होते. मग १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये तिघा अमेरिकन पक्षीतज्ज्ञांना ते सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ दिसलं. तब्बल एकशे तेरा वर्षांनी. आणि आज त्याचं मोठं घर म्हणजे आपलं मेळघाट. शिवाय ते दिवसाही जागं असतं, म्हणजे मुलांना दिसण्याची आशा. धाकट्याने यादी केली: रानपिंगळा, रानगवा, सांबर, भेकर, अस्वल, वानर, मोर, कोळ्याचं मोठं जाळं, कुणाच्याही पायाचा ठसा. पुढे बरोबरच्या खुणेला जागा. वाघ त्याने सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात लिहिला होता. आशा सुटत नाही ना!

मोठीकडे इतिहास. तिला पुस्तकातल्या लढाया पाठ, पण गाविलगड आपल्याच जिल्ह्याशेजारी आहे हे तिला नव्यानेच कळलं. १८०३ च्या डिसेंबरमध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. तोच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आणि किल्ला पडल्यावर पंधरा दिवसांत शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो कुठं? सुर्जी-अंजनगावला! म्हणजे आमच्या सासूबाईंच्या माहेरी. हे ऐकल्यावर सासूबाईंचा चेहरा पाहायला हवा होता. "आमच्या गावात झाला होय?" असं तीनदा विचारलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारी सांगून आल्या. त्या माहेरी जायच्या त्या शकुंतलेनं, मूर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या गाडीनं. ती आता बंद आहे. पण गाडी किती हळू चालायची, लोक उतरून बोरं वेचून परत कसे चढायचे, हे मुलांनी त्या निमित्तानं पहिल्यांदा ऐकलं. येण्याबद्दल त्या हो म्हणाल्या नाहीत. मात्र गुडघ्याचं तेल आणि पट्टे एका पिशवीत काढून ठेवलेले मला दिसले.

ह्यांच्याकडे बुकिंग आणि गाडी. सफारीचं आणि सेमाडोहच्या खोल्यांचं आरक्षण वनखात्याच्या संकेतस्थळावर होतं. सुट्टीत खोल्या भराभर संपतात, म्हणून तारीख खुली झाली की लगेच करा. बुकिंगमध्ये लिहिलेलंच ओळखपत्र बरोबर घ्या, मुलांचं आधारसुद्धा. गेट आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असतं ते विचारून घ्या. आणि एक प्रश्न जो पुरुषमाणसं विचारत नाहीत तो तुम्ही विचारायला लावा: खोली तळमजल्याला आहे का, आणि कमोड आहे का? गुडघे दुखणाऱ्या बाईचं पूर्ण सहलभरचं सुख या एका उत्तरावर अवलंबून असतं. मागच्या वेळी सासूबाई दिवसभर पाणी प्यायल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. गाडीतून उतरायला लागू नये म्हणून! आपण त्यांना विचारलंच नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर माझी भिशी ऑगस्टमध्ये लागली होती, ती मी बाजूला ठेवली. गाडी, दोन रात्रींच्या खोल्या, सफारी आणि गाइड, जेवण, आणि पाचवा रकाना 'मुलं मागतील ते'. पाचव्या रकान्यात ठरावीक रक्कम दोघांच्या हातात आधीच दिली. त्याचा परिणाम असा, की प्रत्येक दुकानापुढचं रडगाणं बंद झालं. धाकट्याने तर पैसे वाचवून परत आणले.

आणि माझं खातं? मी जाहीर केलं, की डबा फक्त एका जेवणाचा. दशम्या, तिळाची चटणी, मुगाच्या वड्यांची सुकी भाजी. बाकी तिथं मिळेल ते. बरोबर चिवडा, खजूर, चिक्की आणि सासूबाईंचा थर्मास. शेगडी नाही, तांदूळ नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, "आणि तिथलं जेवण आवडलं नाही तर?" म्हटलं, नाही आवडलं तर नाही आवडलं. मीही घरी रोज खातेच ना स्वतःच्या हातचं!

भाऊबीज आटोपली आणि गर्दीचे शनिवार-रविवार टाळून आम्ही मंगळवारी निघालो. पाच वाजता नव्हे, चक्क आठ वाजता. धाकट्याला उपाशीपोटी नेलं नाही, आणि तुडुंब खाऊनही नेलं नाही. थोडे कुरमुरे आणि केळं. आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून त्याच्या वजनाप्रमाणे गोळी आणली होती, ती परतवाड्याला घाटाआधी अर्धा तास दिली. त्याला मधल्या रांगेत, समोरची काच दिसेल असं बसवलं, मोबाइल काढून घेतला, हातात आल्याची वडी. घाटात दोनदा गाडी थांबवून सगळ्यांनी खाली उतरून श्वास घेतला. एकदाही ओकला नाही. वहीत ही नोंद त्याने स्वतःच केली, तारखेसकट.

वाटेत अंजनगावला सासूबाईंच्या भावाकडे अर्धा तास थांबायचं ठरलं होतं. पावणेदोन तास लागले. पण वहीत मी त्यासाठी दोन तास सोडून ठेवले होते! माहेरचा अर्धा तास किती तासांचा असतो हे आपल्याला का माहीत नाही?

त्या दिवशी चिखलदऱ्याला पोहोचून आम्ही फक्त भीमकुंड पाहिलं. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा झाला, आणि भीमाने हात धुतले ते हे कुंड, अशी कथा. धाकट्याचा प्रश्न, "भीमाने साबण लावला होता का?" संध्याकाळी तलावाकाठी गरम भुट्टे खाल्ले आणि आठ वाजता खोलीत. ह्यांना चुकल्यासारखं वाटत होतं. "अजून एक पॉइंट झाला असता." मोठी माझ्याकडे बघून हसली. ते हसणं मला समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाविलगड. सासूबाई अलीकडेच, पहिल्या दरवाजाजवळच्या सावलीत थर्मास घेऊन बसल्या. आत दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, तो मोठीने शोधून काढला. तोफा, पडक्या भिंती, खाली निळी निळी दरी. परत आलो तर सासूबाईंनी तिथं ताक विकणाऱ्या बाईशी मैत्री केली होती. तिला किती मुलं, सून कशी, गुडघ्याला काय लावते, सगळं विचारून झालं होतं. आम्हाला किल्ल्याची जेवढी माहिती मिळाली त्याहून जास्त माहिती त्यांनी बसल्या जागी मिळवली.

दुपारी जंगलातून खाली सेमाडोहला. मोबाइलची रेंज वाटेत गेलीच. पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यालाच घेऊन ठेवा, आणि औषधंही. मोठा दवाखाना हवा तर परत परतवाडा-अचलपूरच गाठावं लागतं. वाटेत कोरकू लोकांची गावं लागतात. मातीने सारवलेली, स्वच्छ, ओळीने बांधलेली घरं. एका ठिकाणी पुढची गाडी थांबली आणि त्यातल्या बाईंनी खिडकीतून मुलांकडे बिस्किटांचे पुडे टाकले. मोठीने विचारलं, "टाकले का? हातात का नाही दिले?" मेळघाट म्हटलं की आपल्याला कुपोषणाच्या बातम्याच आठवतात, आणि त्या खोट्याही नाहीत. पण खिडकीतून फेकलेल्या बिस्किटाने ते मिटतं का? मी तिला बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्याबद्दल सांगितलं. आयुष्य इथल्या लोकांसाठी दिलं त्या दोघांनी, २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. स्मिता नागपूरची प्रॅक्टिस सोडून लग्नानंतर इथं राहायला आल्या. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना इथं कंटाळा आला नसेल?" मला उत्तर आलं नाही.

रात्री मात्र नियोजनाची परीक्षा झाली. अंधार इतका, की आपल्या गावात असा अंधार उरलेलाच नाही. कुठूनतरी वानरांचा खेकसण्याचा आवाज आला आणि धाकटा म्हणाला, "मला घरी जायचंय." रडू थांबेना. ह्यांनी समजावलं, मी समजावलं, मोठीने घाबरट म्हणून आणखी भर घातली. शेवटी सासूबाईंनी त्याला आपल्या पांघरुणात घेतलं आणि लहानपणी पहाटेच्या अंधारात दारावर येणाऱ्या पिंगळ्याची गोष्ट सांगितली. हातात कंदील, डमरू, आणि पाखरांची भाषा कळणारा तो पिंगळा. "अन् थ्या पिंगळा पाखराचं नाव त्याले पडलं, का त्याचं पाखराले, देव जाने." कधी झोपला कळलं नाही. मी अंधारात पडल्या पडल्या विचार करत होते, की ह्या जर घर सांभाळायला राहिल्या असत्या, तर आम्ही रात्रीच गाडी काढून निघालो असतो.

पहाटे साडेचारला मोठीने मला हलवलं. पोटात दुखत होतं. पाळी आठ दिवस आधीच आली होती. तिला सुरू होऊन पाचच महिने झालेत, अजून नियमित नाही. ती म्हणाली, "मी नाही येत. तुम्ही जा." मी लगेच म्हटलं, मी तुझ्याजवळ थांबते. पण तिला तेही नको होतं. माझ्यामुळे आईचं हुकलं, हे तिला सहन होत नव्हतं. आम्ही दोघी कुजबुजतोय आणि पलीकडून आवाज आला, "काय झालं वं?"

मैत्रिणींनो, आमच्या सासूबाई म्हणजे एकेकाळी मला चार दिवस देवघराच्या उंबऱ्याला शिवू न देणाऱ्या. मी घाबरतच सांगितलं. त्या उठून बसल्या, पट्टा बांधायला लागल्या आणि म्हणाल्या, "मंग? देवाले चालत नाही म्हनते लोक. वाघाले चालते ना?"

आम्ही तिघी इतक्या हसलो, की ह्यांना जाग आली.

सामान मी आणलं होतं, ते सांगून ठेवते, कारण तुमच्या घरीही या वयाच्या मुली असतील. तारीख नसली तरी पॅड घ्यायचेच. गडद रंगाची सैल पँट, जास्तीची चड्डी, गरम पाण्याची रबरी पिशवी, जुने वर्तमानपत्र आणि एक घट्ट बंद होणारी डबी. वापरलेलं पॅड जंगलात टाकायचं नाही, गावापर्यंत परत आणायचं. सफारीत तीन-चार तास गाडीतून खाली उतरता येत नाही, म्हणून निघताना बदलून, लघवी करूनच निघायचं, आणि हे मुलग्यालाही लागू! पहाटे उघड्या जिप्सीत वारा असा झोंबतो, की नोव्हेंबरातही कानटोप्या आणि शाली लागल्या. कपडे मळखाऊ रंगाचे, अत्तर-पावडर नाही, वेफर्सची कुरकुर नाही.

खरा घोळ झाला तो जिप्सीत चढताना. पायरी एवढी उंच, की सासूबाईंचा पाय पोहोचेना. कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, ती डुगडुगायला लागली. शेवटी ह्यांनी एका बाजूने आणि गाइडने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना वर घेतलं. माझ्या एवढ्या जाडजूड वहीत हे एक कुठं लिहिलेलं नव्हतं.

आमचा गाइड कोरकू तरुण होता. घरी बोलतात ती कोरकू भाषा आपल्या मराठीच्या कुळातली नाही, संथाली आणि मुंडारी या तिच्या बहिणी. सिपना म्हणजे त्यांच्या भाषेत सागवान, असं त्याने सांगितलं. सागाच्या रानातली नदी म्हणून सिपना. त्या तीन तासांत रानगव्यांचा कळप दिसला. ते काळेभोर धूड आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखे पाय! सांबर दिसलं. अस्वलाने उकरलेलं वारूळ दिसलं. वाघाच्या पंजाचा ठसा धुळीत दिसला, तो धाकट्याने वहीत काढून घेतला. वाघ नाही दिसला.

आणि एका निष्पर्ण फांदीवर गाइडने बोट दाखवलं. छोटंसं घुबड, वटारलेले डोळे, मान गर्रकन फिरवून आमच्याकडेच बघतंय. धाकट्याचा श्वास अडकला. "रानपिंगळा?" गाइडने दुर्बीण डोळ्याला लावली आणि मान हलवली. "नाही. साधा पिंगळा आहे. रानपिंगळ्याच्या डोक्यावर असे ठिपके नसतात, असलेच तर अगदी पुसट." तेवढ्यात सासूबाई, "हा तं आपल्या आंगनातल्या चिंचेवर बसते, थोच ना!" मला वाटलं आता हा रडणार. पण त्याने वही उघडली आणि रानपिंगळ्यापुढे अर्धी खूण केली. अर्धीच का, विचारलं तर म्हणे, "रान नाही, पण पिंगळा आहे ना."

मोठी पोटावर गरम पिशवी आणि आजीच्या खांद्यावर डोकं अशी बसली होती. मधेच म्हणाली, "दुखायचं थांबलंय." मग गेट येईपर्यंत गाइडला वेलस्लीचं सगळं सांगून टाकलं. तो बिचारा ऐकत होता.

त्यानंतर कोलकास. तिथं मी वहीत माझ्या नावापुढे फक्त एक ओळ लिहिली होती: 'एक तास. कोणी हाक मारायची नाही.' ह्यांना वाटलं होतं गंमत आहे. पण त्यांनी मुलांना आणि आईला घेऊन एका झाडाखाली बैठक मारली, चहासुद्धा स्वतः जाऊन आणला. मी उंचावर सिपनेच्या वळणाकडे तोंड करून बसले. पहिली दहा मिनिटं डोक्यात सिलिंडर, दुधाचा हिशोब, कोमेजलेली तुळस. मग हळूहळू नुसतं पाणी. नदी तिथं अशी वळसा घेते, की आली कुठून आणि चालली कुठं हे पाहातच राहावं. मी काही मोठा विचारबिचार केला नाही. नुसती बसले. तासाभराने धाकटा लांबूनच ओरडला, "हाक मारली तर चालेल का?"

परतवाड्याला जेवून संध्याकाळी सात वाजता घरी. खर्च ठरल्यापेक्षा जरा वर गेला, त्यात अंजनगावहून निघताना आजीने भाच्यांच्या हातावर ठेवलेले पैसेही आले. देवी पॉइंट राहिला, पंचबोल राहिला. पाच वेळा प्रतिध्वनी येतो म्हणतात, तो या वेळी ऐकला नाही. माझं डोकं दुखत नव्हतं.

या वर्षी शाळेत सुट्टीचा निबंध आलाच नाही. आठवीला बाई बदलल्या, त्यांनी पर्यावरणावर लिहायला सांगितलं. मी दोन-तीनदा सहज विचारून पाहिलं, "काही लिहायला दिलं का गं?" तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण एके दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या खेपेची यादी सुरू झालेली दिसली. नरनाळा किल्ला आणि शहानूर, ह्यांच्या अक्षरात. खाली धाकट्याचं: 'रानपिंगळा (उरलेला अर्धा)'. त्याखाली मोठीच्या सुंदर अक्षरात, पण शब्द दुसऱ्याच कुणाचे: 'आजी सांगते म्हणून लिहिते. पुढच्या खेपेले लाकडाचा पाट घेजो, जिपमधी चढाले.'